ड्रोनभाऊ

ड्रोनभाऊ पुसद, उमरखेड, महागाव या पट्ट्यातल्या कोणत्याही मोठ्या गावात मिळतो. मी फुलसावंगीचा घेतला, कारण उडण्याचा नाद काय असतो हे या गावानं फार जवळून पाहिलं आहे. ते पुढं येईल. आधी भाऊचं दुकान.

दुकानाच्या पाटीवर भाऊचं सगळं करिअर एकावर एक रंगवलेलं आहे. उन्हानं वरच्या रंगाचे पोपडे उडाले की खालून 'मोबाईल रिपेरिंग' डोकावतं, त्याच्याखाली 'लग्न, साक्षगंध, बारसे व्हिडिओ शूटिंग', आणि अगदी तळाला, बापाच्या हातचं, 'रेडिओ-टीव्ही क्लिनिक'. सध्या निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत 'एरोस्पेस' आहे. त्याच्याखाली बारीक अक्षरांत 'येथे कुलर व मिक्सर दुरुस्त करून मिळतील'. दुकानाचं भाडं एरोस्पेसवर निघत नाही, कुलरवर निघतं, हे भाऊ नाकारत नाही. "कुलरचा पंखा काय आन् ड्रोनचा काय, दोघंबी हवाच ढकलते ना," असं म्हणतो. यात चूक काढायला जागा नाही.

बोलताना तो कधी 'मी' म्हणत नाही. 'आपली कंपनी', 'आपली आर अँड डी', 'आपला पायलट विभाग'. हे सगळे विभाग म्हणजे भाऊ, भाऊचा भाचा आणि समोरच्या पानठेल्यावर त्या वेळी जो कोणी उभा असेल तो. भाचा पट्टीचा उडवणारा. डोळे मिटून यंत्र बोरीबाभळीतून काढून आणतो. पण ड्रोन नियमांप्रमाणे रिमोट पायलटचं प्रमाणपत्र घ्यायला वय १८ ते ६५ आणि दहावी पास लागतं. भाचा वयानं बसतो, दहावीला गणितात बसतो. म्हणून हजारोंची फी भरून प्रशिक्षणाला पाठवला तो भाऊचा साळा, बी.ए. साळ्यानं प्रमाणपत्र आणलं, फ्रेम करून लावलं आणि पहिल्याच दिवशी यंत्र दहा फूट वर गेल्यावर रिमोट भाच्याच्या हातात देऊन मोकळा झाला. तेव्हापासून कंपनीत कागद एकाचा आणि हात दुसऱ्याचा अशी व्यवस्था आहे. ती बेकायदेशीर आहे हे तिघांनाही माहीत आहे. त्यामुळे खाकी कपड्यातला कोणीही, अगदी पोस्टमनही, धुऱ्यावर दिसला की रिमोट साळ्याकडे जातो आणि ड्रोन हवेत थरथरायला लागतो.

भाऊ उत्पादक कसा झाला, याची तारीख सांगता येते. ९ फेब्रुवारी २०२२. त्या दिवशी केंद्र सरकारनं परदेशी ड्रोन आणण्यावर बंदी घातली. पूर्ण जोडलेला आणायचा नाही, अर्धा जोडलेला नाही, जोडायच्या संचाच्या रूपातही नाही. सुटे भाग मात्र खुशाल आणा. तोवर भाऊ लग्नातला शूटिंगवाला होता. नवरदेवाच्या फेट्यावरून घोंघावत जाणारं ते छोटं यंत्र त्याच्याकडं होतंच. ते कुठून आलं हे त्याला विचारू नये, आपल्या लग्नात आलेलं असेल तर मुळीच विचारू नये. बंदीची बातमी वाचून बाकी शूटिंगवाले घाबरले. भाऊनं बातमीतला 'सुटे भाग' हा शब्द पेनानं अधोरेखित केला आणि दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याला बोलावलं.

कायद्याचा असा बारीक वाचक मी दुसरा पाहिला नाही. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला नॅनो म्हणतात आणि तो उडवायला प्रमाणपत्र लागत नाही. शेन्झेनच्या बड्या कंपनीनं तिथं बसून नेमका २४९ ग्रॅमचा ड्रोन काढला, हे भाऊ अशा अभिमानानं सांगतो की ती युक्ती त्यानंच फोनवर कळवली असावी. फवारणीच्या यंत्रांचंही तेच. २५ किलोपर्यंत 'लहान' गट, पुढं 'मध्यम'. म्हणून बाजारातली दहा लिटर टाकीची बरीचशी मॉडेलं भरल्या टाकीनिशी पंचविसाच्या अलीकडं येऊन थांबतात. भाऊचं यंत्र वेल्डिंगवाल्याच्या काट्यावर साडेसव्वीस भरलं. आठवडाभर दोघांनी कानशीनं फ्रेम घासली. शेवटी दीड किलो कमी झालं ते टाकी लहान केल्यावर.

दुकानात बसलं की भाऊचं खरं रूप दिसतं. पाटीवरचा माणूस आणि टेबलावरचा माणूस एक नाहीत. टेबलावर लाडवाच्या स्टीलच्या डब्यात स्क्रू, आइस्क्रीमच्या कपात नट, आणि मधोमध उघडा पडलेला ड्रोन. मोटरच्या तीन वायरी असतात. मोटर उलटी फिरली तर त्यांतल्या कोणत्याही दोन अदलाबदल करायच्या की सुलटी फिरते. हे भाऊ न बघता करतो. सोल्डरिंगचा धूर नाकात जात असताना तो मोटरचा नुसता आवाज ऐकून सांगतो की बेअरिंगमध्ये माती गेली आहे, उघडल्यावर माती निघते. थरथरीनं स्क्रू ढिले होऊ नयेत म्हणून आटेबंद करणारं द्रव्य लावतात. ते महाग, शिवाय नागपूरहून मागवावं लागतं. भाऊ नेलपॉलिश लावतो. चांगलं धरतं. वहिनींना गेल्या दिवाळीपासून एकही बाटली भरलेली सापडलेली नाही आणि भाऊच्या यंत्राचे सगळे स्क्रू गुलाबी आहेत.

वहिनींचा विषय निघालाच म्हणून. नोव्हेंबर २०२३मध्ये केंद्रानं 'नमो ड्रोन दीदी' मंजूर केली. १२६१ कोटींची योजना, महिला बचत गटांना ड्रोनच्या किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख. भाऊनं त्या संध्याकाळी घरी येताना भजी आणली. बायकोनं बचत गटात जावं यासाठी आजवर त्यानं एवढी गोड भाषा वापरली नव्हती. वहिनींनी भजी खाल्ली, सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "ड्रोन माह्या नावावर येईन त उडवीन बी मीच. तुमी बॅटऱ्या वाहा." भाऊनं विषय कुलरवर नेला.

आता प्रत्यक्ष फवारणी. हा प्रकार बघायचा असेल तर सप्टेंबरात, पऱ्हाटी कमरेच्या वर गेली की. भाऊची कंपनी 'छोटा हत्ती' टेम्पोतून वावरात उतरते. यंत्र, बॅटऱ्यांचे जोड, जनरेटर, जनरेटरचं पेट्रोल, आणि 'पाहून येऊ' म्हणून गाडीत बसलेली चार माणसं. एका जोडीत जेमतेम दहा-पंधरा मिनिटं उड्डाण, म्हणजे एखाद दीड एकर. मग बॅटरी उतरवा, गार होऊ द्या, चार्जिंगला लावा. भाऊ म्हणतो एकराला सात मिनिटं. सात मिनिटं लागतात हे खरं, फक्त त्या सात मिनिटांची तयारी सकाळी सातला सुरू होते.

उडवण्याआधी होकायंत्र जुळवावं लागतं. त्यासाठी दोघांनी यंत्र उचलून आडवं, मग उभं धरून स्वतःभोवती गोल फिरायचं. साळा आणि भाचा गंभीर चेहऱ्यानं यंत्र घेऊन फेरे मारत होते, तेव्हा धुऱ्यावर बसलेल्या आजी मला म्हणाल्या, "आधी लिंबू उतरवा म्हणा, मंग फिरवा."

यंत्र वर गेलं. पिकावर दोन-तीन मीटर उंचीवरून सरळ रेषेत जात, पऱ्हाटी वाकवत, बारीक धुकं सोडत गेलं. पानठेल्यावरची टवाळ माणसंही त्या वेळी गप्प होती. बॅटरी उतरली की हे यंत्र शहाण्यासारखं जिथून उडालं तिथंच परत येतं, हे भाऊ वावरमालक काकाजींना समजावून सांगत होता. काकाजी मान डोलवत होते. मान डोलवता डोलवता त्यांनी आपल्या गड्याला बंडी सावलीला लावायला सांगितली, आणि वावरात सावली होती ती यंत्र उडालं त्याच बाभळीशेजारी. यंत्र शहाण्यासारखं परत आलं. बैलांना हे कोणी सांगितलेलं नव्हतं. पुढची दहा मिनिटं बंडी पुढं, गडी मागं आणि ड्रोन मोकळ्या झालेल्या जागेवर अगदी अलगद, नियमाप्रमाणे उतरलेला.

काकाजींनी पैसे दिले, पण आधी दोन प्रश्न विचारले. पाठीवरच्या पंपाला एकराला दीडशे-दोनशे लिटर पाणी लागते, तुह्या यंत्राले दहा लिटरात कसं भागते? आणि तुडतुडा पानाच्या खाली बसते, तू वरून शिंपडून राहिला, त्याले कळन कसं? भाऊकडं उत्तर होतं. थेंब बारीक असतो, पंख्याच्या वाऱ्यानं पानं उलटी होतात, औषध खालीही लागतं. काकाजींनी दोन पानं उलटून पाहिली. एक ओलं होतं, एक कोरडं. दोघांनीही आपापल्या सोयीचं पान धरून ठेवलं.

तरीही भाऊच्या धंद्यामागचं सगळ्यात खरं कारण या जिल्ह्याला कोणी समजावायला नको. २०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मेले. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, औषध जहाल, तोंडाला फार तर रुमाल. ज्याच्या घरातला माणूस त्या वर्षी यवतमाळच्या मेडिकलला भरती होता, तो ड्रोनचा दर विचारताना घासाघीस करत नाही. भाऊ विकताना हे कारण कधी वापरत नाही. योजनेचे आकडे, एकरी मिनिटं, स्वदेशी, सगळं सांगतो. हे सांगत नाही. त्याच्या सगळ्या बढायांत ही एक गप्प राहण्याची जागा मला मोठी वाटते.

बढाया मात्र भरपूर. मे २०२५मध्ये सीमेवर ड्रोन उडाले तसे ड्रोनच्या कंपन्यांचे शेअर चढले. भाऊकडं एकही शेअर नव्हता, तरी तो आठवडाभर इस्त्रीचा शर्ट घालत होता. सप्टेंबर २०२५मध्ये ड्रोनवरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला तेव्हा त्यानं पानठेल्यावर चहा पाजला. जीएसटीचा नंबर कंपनीनं अजून घेतलेला नाही.

त्याला हसताना मात्र जरा जपून, कारण देशातला मोठा धंदाही पाटी रंगवून पार्सलची वाट बघणाराच आहे. फ्रेम आपली, जोडणी आपली, बरंचसं सॉफ्टवेअर आपलं; पण मोटरमधलं चुंबक, बॅटरीतला सेल, आतली चिप यांसाठी नजर बहुतेक वेळा चीनकडं. १ सप्टेंबर २०२३पासून चीननं काही ड्रोन आणि त्यांच्या भागांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली, एप्रिल २०२५मध्ये चुंबकाला लागणाऱ्या काही दुर्मिळ मूलद्रव्यांवर. फेब्रुवारी २०२५मध्ये आपल्या लष्करानं ४०० ड्रोनची खरेदी रद्द केली, कारण आत चिनी भाग होते. ही बातमी आली त्या दिवशी भाऊनं आपल्या मोटरवरची चिनी अक्षरं ब्लेडनं खरवडली आणि वर तिरंग्याचं स्टिकर लावलं. मोठ्या कंपन्या हेच करत असतील असं मी म्हणत नाही. लष्कराला काय सापडलं ते आपण वाचलंच.

भाऊच्या दुकानात मागच्या भिंतीवर तीन फोटो आहेत. पहिला शिवकर बापूजी तळपदे यांचा. १८९५ला चौपाटीवर विमान उडवलं, राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, ही कथा भाऊ प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. तिला धड पुरावा नाही, आणि ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा तीत आधार घेतात त्यातली विमानं उडणं शक्य नाही, असं बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४लाच दाखवलं, हे मी सांगून पाहिलं. भाऊ म्हणाला, "त्यायनं वजन कमी करून पाह्यलं काय?"

दुसरा फोटो कॅप्टन अमोल यादव यांचा. मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर माणसं नेणारं विमान बांधणारा हा मराठी माणूस. २०१६च्या 'मेक इन इंडिया'त ते विमान लोकांनी पाहिलं, २०१७च्या नोव्हेंबरात त्याला नोंदणी मिळाली, व्हीटी-एनएमडी. शेवटची तीन अक्षरं नरेंद्र मोदी, देवेंद्र यांची. गच्ची, क्रेन, वर्षानुवर्षं अडकलेली परवानगी, यातलं भाऊला काही आठवत नाही. त्यानं धडा घेतला तो नावाचा. कंपनीच्या पहिल्या मॉडेलला त्यानं आमदाराचं नाव दिलं. तेव्हापासून दर निवडणुकीनंतर रंगाऱ्याला बोलावणं असतं.

तिसऱ्या फोटोबद्दल भाऊ विनोद करत नाही, मीही करणार नाही. शेख इस्माईल, गावाचा मुन्ना. आठवी शिकलेला, वेल्डिंग करणारा. कपाटं, कुलर बनवता बनवता त्यानं मारुती ८००चं इंजिन लावून एका माणसाचं हेलिकॉप्टर उभं केलं. दोन वर्षं त्यावर खपला. १५ ऑगस्टला सगळ्यांना दाखवायचं होतं. २०२१च्या ऑगस्टात, त्याच्या चारपाच दिवस आधी, रात्रीच्या चाचणीत मागच्या पंख्याचं पातं तुटून वरच्या मोठ्या पंख्यावर आदळलं आणि मुन्ना गेला. चोवीस वर्षांचा होता. 'थ्री इडियट्स'मधल्या रँचोचं वेड होतं, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं. त्याच सिनेमात एक पोरगा कॅमेऱ्याचा ड्रोन बनवतो. पडद्यावरचं ते यंत्र आयआयटी मुंबईच्या पोरांच्या 'आयडियाफोर्ज'नं बनवलेलं होतं. त्या पोरांना प्रयोगशाळा होती, संस्थेचं छत्र होतं, पुढं डीआरडीओची साथ मिळाली, आणि २०२३च्या जुलैत ६७२ रुपयांचा त्यांचा शेअर पहिल्या दिवशी तेराशेच्या घरात उघडला. (२०२४-२५ला तीच कंपनी तोट्यात गेली; प्रयोगशाळावाली माणसंही सरकारी ऑर्डरीवरच तरंगतात.) मुन्नाला हवी होती एक जाळी लावलेली चाचणीची खोली आणि 'थांब' म्हणणारा एक जाणता इंजिनिअर. दोन्ही फुलसावंगीपासून किती किलोमीटरवर मिळतात, हे मला कोणी सांगू शकलेलं नाही.

भाऊच्या दुकानात एकच नियम कडक आहे, तो या फोटोखाली. पाती लावून टेबलावर मोटर फिरवायची नाही. भाच्यानं एकदा घाईत फिरवली, तेव्हा भाऊनं त्याला सगळ्यांसमोर थोबाडीत मारली आणि नंतर बराच वेळ कुलरशी खुडबुडत बसला.

मुन्ना गेल्यावर दोन आठवड्यांनी, २५ ऑगस्ट २०२१ला, केंद्राचे नवे ड्रोन नियम निघाले. अर्ज पंचविसाचे पाच झाले, फीचे प्रकार बहात्तरचे चार. सप्टेंबरात उत्पादकांना प्रोत्साहनाची योजना आली, सगळ्या देशाला मिळून तीन वर्षांत १२० कोटी. या योजनेसाठी छोट्या ड्रोन कंपनीला वर्षाला दोन कोटींची उलाढाल हवी होती आणि निदान ४० टक्के मूल्य इथं वाढवलेलं हवं होतं. योजनेची मुदत कधीच संपली, पण भाऊच्या फायलीत ती चालू आहे. उलाढालीचा कॉलम त्यानं 'पुढील वर्षी' असं लिहून सोडवला. चाळीस टक्क्यांवर मात्र त्याचं मन लावून काम चालू असतं.

कर्ज मागायला तो एका बँकेत गेला होता, तिथंही चर्चा यावरच अडली. साहेबांनी आधी विचारलं, तारण काय? भाऊ म्हणाला, ड्रोन. साहेब म्हणाले, आणि तो उडून गेला तर? भाऊला हा प्रश्न अपमान वाटला, कारण यंत्र जिथून उडतं तिथंच परत येतं. बैलबंडी आडवी नसेल तर.

मग साहेबांनी फाईल उघडली. "यात भारतीय किती आहे?"

भाऊ तयारीनं गेला होता. त्यानं कागद काढला. फ्रेम, फुलसावंगी. टाकी, नांदेड. नळी आणि नोझल, पुसद. वायरिंग, सोल्डरिंग, मजुरी, घरची. स्टिकर, उमरखेड. गुलाबी द्रव्य, घरचं. बेरीज केली तर अडतीस होत होते. भाऊनं क्षणभर विचार केला आणि खाली आणखी एक ओळ वाढवली: पायलट, भाचा, २ टक्के.

"चाळीस," तो म्हणाला.

"आणि बाकीचे साठ?"

"ते निघाले हायेत साहेब. यवतमाळपर्यंत पोचल्याचा मेसेज आला."